गावातले चार विजय

एका गावात एकाच वयाचे चार विजय असणं यात विशेष काही नाही. पण त्यांतल्या एकाचंही पाळण्यातलं नाव विजय नसावं, हे जरा विशेष. आमच्या गावात तसं होतं. मी त्यांतला तिसरा.

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात आणि उजव्या हाताला वाड्यांच्या पलीकडे समुद्राची गाज ऐकू येते. त्याच रस्त्यावरचं आमचं गाव. काळ साधारण १९७८ ते १९८३ चा. जिल्ह्याचं नाव आधी कुलाबा होतं, १९८१ साली ते रायगड झालं. आम्हाला मात्र त्याचं काही नव्हतं. आमचा जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत एकच होती, ती म्हणजे अमिताभ बच्चन. 'जंजीर'मध्ये त्याचं नाव विजय, 'दीवार'मध्ये विजय, 'त्रिशूल', 'डॉन', 'काला पत्थर', सगळीकडे विजयच. मग आम्ही तरी दुसरं कोणतं नाव घेणार? ज्यानं 'दीवार' आधी पाहिला तो थोरला विजय, आणि पुढचे नंबर त्याच क्रमानं.

इतिहासाच्या तासाला मास्तरांनी एकदा विचारलं, "मुरूडचा जंजिरा कुणालाच का जिंकता आला नाही?" चौथा विजय उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "गुरुजी, तेव्हा अमिताभ नव्हता." त्यापुढचा तास त्यानं वर्गाबाहेरून ऐकला.

सिनेमा बघायला मिळायचा तो दिवाळीनंतर. भातं कापून झाली की रिकाम्या शेतात टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. दुपारी जीपवर कर्णा बांधून गावोगाव पुकारा व्हायचा. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये दोरी. खाली बसायला जमीन आणि जमिनीला भाताची खुंटं. रीळ बदलताना दिवे लागत, आणि तेवढ्यात कोण कोण आलंय हे अख्ख्या गावाला कळे. घरी न सांगता आलेल्यांना रीळ बदलण्याची फार भीती.

सिनेमा बघून आला की प्रत्येक विजय कामाला लागायचा. उंची वाढावी म्हणून जांभळीच्या फांदीला लोंबकळणं हे पहिलं काम. फांदी वाकली, आम्ही होतो तेवढेच राहिलो. दुसरं काम केसांचं. कान झाकायला हवेत हा आमचा आग्रह आणि कान दिसायला हवेत हा शाळेचा. शेवटी गावातल्या केस कापणाऱ्या काकांनी तोडगा काढला. शाळेत असताना केस कानामागे आणि शाळा सुटली की कानावर.

'दीवार'मध्ये अमिताभच्या शर्टाला कमरेपाशी गाठ आहे. ती आम्हाला सगळ्यात सहज जमली, कारण आमचे शर्ट मुळातच दोन वर्षं पुरावेत अशा बेतानं वाढत्या अंगाचे शिवलेले. गाठ मारली नाही तर ते गुडघ्याशी यायचे. पुढे कित्येक वर्षांनी खुद्द अमिताभनं सांगितलं, की तो शर्ट चुकून लांब शिवला गेला होता, म्हणून ती गाठ मारली. म्हणजे त्याची आणि आमची अडचण एकच होती. हे तेव्हाच कळतं तर आम्ही तरंगलोच असतो.

मंडळी, आता एक गोष्ट सांगायला हवी. आमचा हा नायक पडद्यावर करायचा काय? 'दीवार'मध्ये गोदीत ओझी वाहायचा. 'काला पत्थर'मध्ये कोळशाच्या खाणीत उतरायचा. आणि आमचे बाप काय करत होते? थोरल्या विजयचे वडील मुंबईच्या गोदीत होते. माझे बाबा परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणायचे. चौथ्याचे काका आणि मामा दोघंही गिरणीतच. हे सगळे गणपतीला, शिमग्याला आणि जमलं तर मे महिन्यात चार दिवस गावी येत. एरवी महिन्याला मनिऑर्डर येई, आणि तिच्या खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळी. 'तब्येतीला जपा. मुलाला अभ्यास करायला सांगा.' अमिताभ कसा चालतो, कसा बोलतो, दरवाजा कसा लावून घेतो, हे मला तोंडपाठ होतं. बाबा कसे चालतात हे सांगायला मला विचार करावा लागला असता.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. शिमग्यापर्यंत गावात एकेक बाप उतरायला लागला. वळकटी, पत्र्याची पेटी आणि एकच वाक्य, "महिना-दोन महिन्यांत मिटेल."

बाबा आले, त्या रात्री आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो. अमिताभ डावखुरा, त्यामुळे आम्ही चौघांनी डाव्या हातानं सगळं करायचा सराव चालवलेला. आजीचा हात माझ्या पाठीत रोज पडत असे, पण मी नेटानं पहिला घास डाव्या हातानं घ्यायचोच. बाबांनी ते पाहिलं. काहीच बोलले नाहीत. नंतर ओटीवर आईला हळूच म्हणाले, "पोराच्या उजव्या हाताला काय झालंय? मला कळवलं का नाहीस?" आई हसत सुटली. बाबांना सगळं समजावून सांगितलं, तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत दाबून पाहिला.

पावसाळा आला, संप काही मिटेना. बाबा वाडीत राबत, नाहीतर ओटीवर बसून राहत. आणि २६ जुलैला बेंगळुरूत 'कुली'च्या चित्रीकरणात मारामारीचा प्रसंग करताना अमिताभला पोटात जबर मार बसला. काही दिवसांनी त्याला मुंबईला आणून ब्रीच कँडी रुग्णालयात ठेवलं.

गावात वर्तमानपत्राचा एकच अंक यायचा, दुपारच्या एसटीनं, स्टँडवरच्या चहाच्या टपरीत. आतापर्यंत त्यावर संपवाल्यांचा हक्क होता. आता आम्ही चौघेही एसटीची वाट बघत उभे. पहिल्याच दिवशी ओढाओढीत पान फाटलं. तेव्हा बाबा पुढे झाले. परळच्या खोलीत दहा-बारा जणांत पेपर मोठ्यानं वाचायचं काम त्यांच्याकडे असायचं. त्यांनी न्याय दिला, "आधी संप, मग तुमचा अमिताभ. मी वाचतो, सगळ्यांनी ऐकायचं."

तेव्हापासून टपरीवर रोज दोन्ही वाचलं जाऊ लागलं. आम्हाला अमिताभची बातमी ऐकायची म्हणून आधी संप ऐकावा लागे. बदली कामगार म्हणजे कोण, बोनस कसा ठरतो, गिरणीत कोणती युनियन मान्यताप्राप्त आणि ती कामगारांना का नको, हे आम्ही नववीतली पोरं शिकलो. आणि ज्यांना सिनेमा म्हणजे पैशाची नासाडी वाटे, ते काकालोक संपाची बातमी संपली तरी उठेनात. "थांब रे, त्या पोराचं काय झालं ते तर ऐकू." चाळिशीच्या अमिताभला ते पोरगा म्हणत. बाबांचं आणि त्याचं जन्मसाल एकच, १९४२.

२ ऑगस्टला, श्रावणी सोमवारी, त्याची प्रकृती फारच खालावली. दुसऱ्या दिवशी ते वाचताना बाबांचा आवाजही बसला. त्याच आठवड्यात नारळी पौर्णिमा होती. दुसरा विजय कोळीवाड्यातला. त्यानं आजोबांकडे एक नारळ जास्तीचा मागितला, अमिताभच्या नावानं दर्याला द्यायला. आजोबा म्हणाले, "नारल देतान तो होरीसाठी. त्या लांबड्याची होरी कुठं हाय?" विजय म्हणाला, "आजोबा, होडी नाय, पण तोच बुडतोय." म्हाताऱ्यानं निमूटपणे नारळ काढून दिला आणि वर चिमूटभर गुलालही.

पुढच्या सोमवारी कनकेश्वरला जायचं ठरलं, अनवाणी. मापगावापासून डोंगरावर सातशेच्या आसपास पायऱ्या. आम्हाला एकट्यांना कोण सोडणार? बाबा म्हणाले, मी येतो. पाऊस कोसळत होता, पायऱ्या शेवाळलेल्या. आम्ही अमिताभच्या चालीनं पुढे निघालो, पण बाबा पन्नास-साठ पायऱ्यांनंतर थांबत आणि छातीवर हात ठेवून खोकत. वीस वर्षं कापसाचे तंतू छातीत गेलेले. मग आमचीही चाल आपोआप मंदावली. एका थांब्यावर चौथ्या विजयनं त्यांची पिशवी घेतली, पुढच्या थांब्यावर मी हात धरला. शेवटच्या पायऱ्या आम्ही पाचही जण एकाच चालीनं चढलो, आणि ती अमिताभची नव्हती.

उतरताना मी विचारलं, "बाबा, तुम्ही काय मागितलंत?"

"दोन्ही," ते म्हणाले. "तुमचा अमिताभ आणि आमचा संप. म्हटलं, दोन्ही जमत नसलं तर एक तरी दे."

२४ सप्टेंबरला अमिताभ रुग्णालयातून घरी गेला. टपरीवर आम्ही नाचलो. बाबांनी पेपराची घडी घातली, म्हणाले, "दिलं बाबा एक."

दुसरं काही मिळालं नाही. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. त्याचं बळ हळूहळू सरत गेलं. काही जण परत गेले, त्यांतल्याही कित्येकांना आत घेतलं नाही. बाबा परळला गेले ते एकदाच, पेटीतले भांडीकुंडी आणि देवाची तसबीर घेऊन यायला.

'कुली' १९८३ साली आला. कथेत नायक शेवटी मरणार होता म्हणे, पण खरा अमिताभ वाचल्यावर मनमोहन देसाईंनी शेवट बदलला. आमच्याकडे यायला त्याला पुढचं साल उजाडलं. अलिबागला बघायला गेलो तेव्हा बाबांनाही ओढून नेलं. मार बसतो तो प्रसंग येताच चित्र थांबतं आणि पडद्यावर तशी पाटी येते. अख्खं थिएटर श्वास रोखून बसलेलं. त्यात हमालांचा संपही आहे. एका हाकेसरशी सगळं स्टेशन ठप्प. अंधारात बाबा इतके मोठ्यानं हसले की पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. "अरे, हा आमच्याकडे हवा होता," ते म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीच्या आत मिटवलं असतं!" बाहेर पडल्यावरही ते बराच वेळ हसत होते. संपानंतर मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

थोरला विजय थळच्या खत कारखान्यातून निवृत्त झाला. दुसऱ्याची बोट आता त्याचा मुलगा बघतो. जंजिरा न जिंकण्याचं कारण सांगणारा चौथा विजय पुढे इतिहासाचा मास्तर झाला आणि तोच प्रश्न आयुष्यभर पोरांना विचारत राहिला. मी बँकेत चिकटलो. जेवतो उजव्या हातानं.

२०२४ साली बातमी आली, की अमिताभनं अलिबागला जमीन घेतली. मी ती बाबांना मोठ्यानं वाचून दाखवली, कारण आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. ब्याऐंशीच्या घरातले बाबा पूर्ण बातमी ऐकून क्षणभर थांबले.

"घेऊ दे," ते म्हणाले. "पण आधी विहिरीचं पाणी चाखून बघायला सांग त्याला. समुद्राजवळ मचूळ लागतं."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)