खासगी वैमानिकाचा परवाना : एक घरगुती हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहीजणींना नवल वाटले असेल. हळदीकुंकू, भिशी, शिवणवर्ग चालविणाऱ्या आपल्या मंडळात विमान कोठून आले, असेही कोणी मनात म्हणाले असेल. परंतु येथे बसलेल्या बऱ्याचजणींच्या घरी दहावी-बारावीतल्या मुली आहेत. त्यांच्यापैकी एखादीने उद्या "मला विमान शिकायचे आहे" असे म्हटले, तर आपण काय करू? एक तर हसून विषय टाळू, नाही तर कौतुकाच्या भरात लगेच होकार देऊन बसू. दोन्हींचे कारण एकच, आपल्याला त्यातली माहिती नसते. माझ्या भाचीने हा परवाना घेतला, आणि तिच्या खर्चाची वही ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. त्या वहीच्या आधारे चार गोष्टी सांगणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खासगी वैमानिकाचा परवाना म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे. तो मिळाला की स्वतः विमान चालविता येते, सोबत माणसे नेता येतात. परंतु त्याबद्दल मोबदला घेता येत नाही. पगार घेऊन विमान चालवावयाचे तर व्यावसायिक परवाना लागतो, आणि त्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. खासगी परवान्याला किमान ४० तास पुरतात. हे तास मुदतीच्या अटी पाळल्या तर पुढे त्या २०० तासांत धरले जातात. म्हणून खासगी परवाना ही कित्येकांच्या बाबतीत पहिली पायरी असते, आणि काहींच्या बाबतीत तेवढीच हौस असते. आपली मुलगी यांपैकी कोणत्या वाटेची, हे घरात आधी ठरवावे. दोन्ही वाटांचा खर्च फार वेगळा आहे.

बायकांनी विमान चालविणे ही आजची गोष्ट नाही. आपल्या मुंबईत जुहू येथे १९२८ साली फ्लाइंग क्लब निघाला. १९२९ साली जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. त्यानंतर सात वर्षांनी, १९३६ साली, लाहोरला सरला ठकराल यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी जिप्सी मॉथ हे लहान विमान एकटीने उडविले. त्या वेळी त्या साडी नेसलेल्या होत्या आणि घरी त्यांची चार वर्षांची मुलगी होती. पुढे व्यावसायिक परवान्याची तयारी चालू असता १९३९ साली त्यांचे पती विमान-अपघातात गेले, त्यातच महायुद्ध आले आणि ते शिक्षण राहिले. मग त्यांनी चित्रकला शिकून त्यावर संसार उभा केला. त्यांना धैर्य कमी नव्हते. परिस्थितीने वाट अडविली. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली कलकत्ता ते सिल्चर हे विमान केवळ स्त्री-कर्मचाऱ्यांनी नेले, तेव्हा आपल्या मराठी घरांतून किती अभिमान वाटला होता! आज भारतातील वैमानिकांत स्त्रिया सुमारे १५ टक्के आहेत. जगाच्या सरासरीहून हे प्रमाण पुष्कळच अधिक आहे.

आता अटी पाहू. हे सारे दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत येते. शिकाऊ परवाना वयाच्या सोळाव्या वर्षापासून मिळतो, खासगी परवान्यास सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात. शिक्षण दहावी उत्तीर्ण एवढे पुरते. महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. चष्मा असला म्हणून निराश होण्याचे कारण नाही, चष्म्याने नजर ठरलेल्या प्रमाणात आली म्हणजे झाले. रंग ओळखण्यातला दोष मात्र अडचणीचा ठरू शकतो. लेखी परीक्षेत हवाई नियम, दिशाशास्त्र, हवामान आणि विमान व इंजिन हे विषय येतात. नियंत्रण-मनोऱ्याशी बोलण्यासाठी रेडिओ-टेलिफोनचा वेगळा परवाना काढावा लागतो.

चाळीस तासांचीही विभागणी आहे. त्यांपैकी किमान २० तास एकटीने उडवावे लागते. त्यांत ५ तास एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे, आणि त्यातला एक प्रवास किमान १५० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरचा. वाटेत दोन निरनिराळ्या विमानतळांवर उतरून. उरलेला वेळ शिक्षक शेजारी बसलेले असतात. प्रारंभीचे कित्येक दिवस एकच धडा चालतो : उडायचे, धावपट्टीला वळसा घालायचा, उतरायचे, पुन्हा उडायचे. स्वयंपाकघरात पहिल्या पोळ्या जशा वेड्यावाकड्या होतात, तसेच हे उतरणे असते. मग एके दिवशी शिक्षक विमानातून उतरतात आणि "आता तू जा" म्हणतात. माझी भाची सांगत होती की, त्या दिवशी भीतीपेक्षा एका गोष्टीचे आश्चर्य अधिक वाटले. शेजारचे माणूस कमी झाल्यामुळे विमान हलके होऊन नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडते. हे आधी सांगितलेले असूनही प्रत्यक्षात चकित व्हायला होते.

आता हिशेबाकडे वळू. विमान-शिक्षणाची फी बहुतांशी तासावर असते. पेट्रोल, विमा, शिक्षकाचा पगार, दर शंभर तासांची तपासणी, काही वर्षांनी इंजिन पूर्ण खोलून करावी लागणारी दुरुस्ती, हे सर्व त्या तासाच्या दरात येते. आज आपल्याकडे दोन वा चार आसनी विमानाचा दर तासाला दहा हजारांच्या खाली सहसा मिळत नाही, कोठे पंधरा हजार वा त्याहूनही अधिक असतो. आपण हिशेबापुरते १२,५०० रुपये धरू. चाळीस तासांचे पाच लाख झाले. परंतु चाळीस हा कायद्याचा किमान आकडा आहे, सर्वांना पुरणारा नव्हे. पंचावन्न तास लागले तर १,८७,५०० रुपये वाढतात. त्यावर वैद्यकीय तपासणी, परीक्षांच्या फिया, पुस्तके, कानाचा हेडसेट, आणि दुसऱ्या गावी राहण्याजेवण्याचा खर्च. म्हणून आठ लाखांची तयारी असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. व्यावसायिक परवान्याचा एकूण खर्च तर आज चाळीस-पन्नास लाखांपर्यंत आणि त्यापुढेही जातो.

एक बारीक गोष्ट सांगते. उड्डाणाचा वेळ विमान आकाशात गेल्यापासून मोजत नाहीत. ते स्वतःच्या शक्तीने जागचे हलले, तेथपासून पुन्हा थांबेपर्यंत मोजतात. रिक्षा सिग्नलला उभी असली तरी मीटर पडत राहतो, तसेच हे. मोठ्या विमानतळावर इतर विमानांच्या मागे ताटकळत राहिलो, तर पैसे जमिनीवरच खर्च होतात. धुळे, बारामती, गोंदिया यांसारख्या ठिकाणी शिकणे सोयीचे पडते, ते यासाठीही.

खर्च वाढण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र वेगळेच आहे, आणि ते म्हणजे खंड पडणे. नवशिक्याला दिवसाउजेडी, जमीन डोळ्यांना दिसत असतानाच उडायचे असते. पावसाळ्यात ढग खाली आले की दिवसच्या दिवस जातात. हात अजून बसलेला नसतो, त्यामुळे तीन आठवडे सुटले की मागचे धडे पुन्हा गिरवावे लागतात, तेही त्याच दराने. आमच्या वहीत हे स्पष्ट दिसते. ज्या संस्थेत भाची प्रथम गेली, तेथे सर्व पैसे आगाऊ घेतले आणि मग विमान दुरुस्तीला म्हणून अडीच महिने उभे राहिले. मुलगी खोलीचे भाडे भरीत बसून राहिली. पुन्हा सुरुवात झाली तेव्हा सहा तास केवळ विसरलेले आठवण्यात गेले. त्या सहा तासांचे पाऊण लाख कोणी परत केले नाहीत. माझ्या बहिणीने पाटल्या मोडल्या त्या त्याच महिन्यात.

यावरून आम्ही जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवते. पहिली गोष्ट : पैसे भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. व्यवसायाचा विचार असेल तर पहिल्या वर्गाचीच करावी. पाच लाख घालविल्यावर डोळ्यांतला दोष कळणे यासारखे दुःख नाही. दुसरी : लेखी परीक्षांचा अभ्यास घरी बसून आधी उरकावा, त्याला पेट्रोल लागत नाही. तिसरी : संस्थेत जाऊन चालू स्थितीतली विमाने किती, शिक्षक किती आणि विद्यार्थी किती, हे स्वतः मोजावे, महासंचालनालयाची मान्यता पाहावी, आणि तेथे शिकणाऱ्या दोन मुलामुलींना एकांतात विचारावे. चौथी : सगळी रक्कम एकदम देऊ नये, जितके तास उडाले तितके पैसे, असे जेथे मान्य करतील तेथे जावे. पाचवी आणि महत्त्वाची : पैसे पूर्ण जमेपर्यंत थांबावे. वर्षभर उशिरा सुरू केलेले शिक्षण बहुधा पुरे होते, अर्ध्या पैशावर सुरू केलेले बहुधा अर्धेच राहते.

भगिनींनो, आठ लाख ही आपल्यासारख्या घरांत लहान रक्कम नाही, आणि प्रत्येक मुलीने विमान शिकावे असेही मी म्हणत नाही. परंतु लग्नाच्या एका दिवसासाठी आपण एवढे पैसे उभे करतो, तेव्हा इतकी चौकशी करीत नाही आणि कोणी त्याला वेडेपणाही म्हणत नाही. मुलीने विचारले तर एवढे करावे : वही आणि पेन्सिल घेऊन तिच्या शेजारी बसावे. हिशेब जुळला तर तिला पाठवावे. न जुळला तरी आपल्याला वेड्यात काढले नाही, आईने आपल्याबरोबर बसून आकडे मांडले, एवढे समाधान तिला मिळेल. आणि कदाचित स्वतः मिळवून ती ते आकडे पुढे जुळवीलही.