विज्ञानाची पोथी होऊं देऊं नका

(गांवच्या वाचनालयांत जमलेले पालक, शिक्षक व तरुण मंडळी यांच्यापुढें केलेलें भाषण)



ज्याला जिज्ञासा आहे, पण ज्याच्या घरीं शिक्षणाचा वारसा नाहीं, अशा मुलाला विज्ञानाच्या वाटेला कसें लावावें, हा आजच्या सभेचा विषय आहे. आम्ही शास्त्रज्ञ नाहीं, शाळामास्तर आहों. परंतु त्या वाटेवर मुलाला पहिला माणूस भेटतो तो शाळामास्तरच. म्हणून चार शब्द बोलण्याचें धाडस करतों.

कित्येक आईबाप आम्हांस विचारतात, "मास्तर, पोराला विज्ञानाची गोडी कशी लावावी?" आमचें उत्तर असें कीं, गोडी लावावी लागत नाहीं, ती उपजतच असते. तीन वर्षांचें पोर मुंग्यांच्या रांगेपाशीं तासभर बसतें, चंद्र आपल्याबरोबर कां चालतो म्हणून विचारतें, आणि भाकरी कां फुगते म्हणून चुलीपुढून हलत नाहीं. मग दहाव्या वर्षीं तेंच पोर मुकें कां होतें? कारण तीन ठिकाणीं त्याचें तोंड बंद केलें जातें. घरीं सांगतात, "मोठ्यांपुढें बोलूं नये." देवळांत सांगतात, "असें विचारलेंस तर पाप लागेल." शाळेंत सांगतात, "हें परीक्षेला येत नाहीं." पहिल्या दोहोंविरुद्ध आमच्या सत्यशोधक वाडवडिलांनीं जन्मभर झगडा केला. तिसऱ्याविरुद्ध झगडण्याची पाळी आतां तुमची-आमची आहे.

जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला. निर्मिक आणि मनुष्य यांच्यामध्यें दलाल नको, ही त्या समाजाची मुख्य शिकवण. म्हणूनच भटाशिवाय लग्नें लागूं लागलीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हीच शिकवण विज्ञानालाही लागू पडते. सृष्टि आणि मूल यांच्यामध्येंही दलाल नको.

पोथी म्हणजे केवळ संस्कृत ग्रंथ नव्हे. जें पुस्तक पडताळून पाहण्याची मुभा नाहीं, जें घोकावयाचें आणि ज्यापुढें मान डोलवावयाची, तें पोथीच. मग त्याच्यावर 'सामान्य विज्ञान' असें छापलेलें कां असेना! "प्राणवायु ज्वलनास मदत करतो" हें वाक्य मूल धडाधड म्हणून दाखवितें. पण पेटत्या पणतीवर कांचेचा पेला पालथा घालून ती विझतांना त्यानें एकदांही पाहिली नसेल, तर तें मूल विज्ञान शिकलें नाहीं, त्यानें मंत्र पाठ केला. आणि तो मंत्र देणारा मास्तर कोणत्याही जातीचा असो, तो नवा भटच झाला. आजकाल खिशांतल्या मोबाइलवर प्रश्न विचारावा, तों उत्तर हजर होतें. ही सोय मोठी आहे, तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण आलेलें उत्तर पडताळावयाचें नसेल, तर तीही पोथीच, फक्त चकाकणारी.

आतां एका लोहाराच्या मुलाची हकीकत ऐका. मायकेल फॅरडे १७९१ सालीं लंडनजवळ जन्मला. बाप लोहार, त्यांतून प्रकृतीनें अशक्त, घरांत दारिद्र्य. मुलाला लिहिणें, वाचणें आणि थोडे हिशेब एवढेंच शाळेंत मिळालें. चौदाव्या वर्षीं, म्हणजे १८०५ सालीं, तो एका पुस्तकें बांधणाऱ्या दुकानदाराकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिला. दिवसा पुस्तकें शिवावयाचीं आणि काम संपल्यावर तींच वाचावयाचीं, असा त्याचा क्रम. त्यांत विश्वकोशांतला विजेवरील एक लेख त्याच्या हातीं लागला. दुसरें लागलें तें जेन मार्सेट नांवाच्या बाईंचें रसायनशास्त्रावरील संभाषणांचें पुस्तक. त्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीवर लेखिकेचें नांवही नव्हतें. एक बाई दोन मुलींशीं बोलत आहे, मुली शंका काढीत आहेत, आणि बाई प्रयोगानें त्यांचें समाधान करीत आहे, अशी त्याची रचना. फॅरडेनें तें पुस्तक घोकलें नाहीं. हातांत जे चार पैसे उरत, त्यांत मिळेल तेवढें साहित्य आणून त्यानें त्यांतलीं म्हणणीं पडताळलीं. खरीं निघालीं, तेव्हां मानलीं.

त्या वेळीं लंडनांत टेटम नांवाचे गृहस्थ आपल्या घरीं विज्ञानावर व्याख्यानें देत. एका व्याख्यानास एक शिलिंग पडे. तो शिलिंग मायकेलला त्याच्या थोरल्या भावानें दिला, आणि तो भाऊही लोहारकामच करी. पुढें १८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्याला हम्फ्री डेव्ही ह्या नामांकित रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. पोरानें व्याख्यानांचीं टिपणें काढलीं, आकृत्या काढल्या, आपल्याच हातानें त्यांचें पुस्तक बांधलें आणि डेव्हीकडे पाठवून दिलें. १८१३ च्या मार्चमध्यें त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें साहाय्यकाची जागा मिळाली. परंतु जन्म पाठ सोडीत नाहीं, तो आमच्याकडेच नव्हे, तिकडेही. त्याच वर्षीं डेव्हीबरोबर तो युरोपच्या प्रवासास निघाला, तेव्हां डेव्हीच्या पत्नीनें त्याला नोकराप्रमाणें वागविलें.

त्याच लोहाराच्या मुलानें १८३१ सालीं तारेच्या वेटोळ्यांत लोहचुंबक आंत-बाहेर सरकवून वीज उत्पन्न करून दाखविली. आज धरणावर वीज निघते ती ह्याच तत्त्वानें. ज्या विहिरीवर आमचे आजे बैलांची मोट हाकीत, तेथें आज कळ दाबतांच पंप चालतो, त्याच्यामागें पुस्तकें शिवणाऱ्या त्या हातांची पुण्याई आहे.

ही हकीकत सांगणारे बहुतेक लोक फॅरडेच्या बुद्धीची तारीफ करतात. आम्ही तुमचें लक्ष दुसरीकडे वेधतों. सोप्या भाषेंत पुस्तक लिहिणारी बाई, तें वाचूं देणारा दुकानदार, शिलिंग देणारा भाऊ, तिकीट देणारें गिऱ्हाईक, ह्यांच्यावांचून फॅरडे झाला असता काय? आमच्या गांवांत फॅरडे जन्मत नाहींत असें नाहीं. शिलिंग देणारा भाऊ कमी पडतो.

फॅरडे हें विसरला नाहीं. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें नाताळच्या सुटींत मुलांसाठीं व्याख्यानें देण्याचा प्रघात १८२५ सालीं पडला. फॅरडेनें तेथें मुलांना एका साध्या मेणबत्तीवरून सारें रसायनशास्त्र उलगडून दाखविलें. त्या व्याख्यानांचें पुस्तक १८६१ सालीं निघालें. राजवाड्यांतलें झुंबर सोडून त्यानें मेणबत्ती घेतली. आम्ही पणती घेऊं.

पेटत्या पणतीवर कोरडा पेला थोडा वेळ पालथा धरा, म्हणजे जळतांना निघालेला वायु त्यांत सांपडेल. पानतंबाखूचा चुना पाण्यांत कालवून रात्रभर ठेवा, आणि वरची नितळ निवळी अलगद काढून घ्या. ती त्या पेल्यांत ओतून, हातानें तोंड झांकून हलवा. निवळी दुधाळ होईल. आतां दुसऱ्या पेल्यांत ताजी निवळी घेऊन तींत नळीनें हळूहळू फुंका. तीही दुधाळ होईल. म्हणजे ज्योत जो वायु सोडते, तोच आपला श्वासही सोडतो. त्याचें नांव कार्बन डाय-ऑक्साइड. चुन्याशीं त्याचा संयोग होऊन खडूचा बारीक सांका तयार होतो, तोच दुधासारखा दिसतो. मात्र निवळी डोळ्यांत उडूं देऊं नये, नळीनें ओढूं नये, आणि मोठें माणूस जवळ असावें. मंडळी, पाटलानें फुंकली काय, भटजीनें फुंकली काय, मांगवाड्यांतल्या पोरानें फुंकली काय, निवळी सारखीच पांढरी होते. समतेचा ह्याहून स्वस्त पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

दुसरा प्रयोग हळदीचा. कागदाला हळद फांसून वाळवा. त्यावर निवळीचा थेंब टाकला कीं रक्तासारखा डाग उमटतो. वर लिंबू पिळलें कीं तो पुन्हा पिवळा. ज्या मुलानें हें स्वतः केलें, त्याला कोणी बुवा कोऱ्या वाटणाऱ्या पिवळ्या कागदावर देवीच्या रक्ताचे ठसे दाखवूं लागला, तर तें मूल हात जोडणार नाहीं, "महाराज, लिंबू आणूं काय?" असें विचारील. हा प्रश्न विचारणें सोपें नाहीं. असेच प्रश्न विचारावयास लोकांना शिकविणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला. प्रश्न विचारण्याची किंमत काय असते, हें आम्ही विसरूं नये. आणि म्हणूनच तो प्रश्न विचारणारा एकटा पडूं देऊं नये.

तिसरा प्रयोग सावलीचा, आणि त्याला तर पैही लागत नाहीं. अंगणांत एक काठी ओळंब्यानें सरळ उभी करा आणि दुपारीं दर पांच मिनिटांनीं तिच्या सावलीच्या टोंकाशीं खडा ठेवा. सावली सर्वांत आंखूड होते तो खरा मध्यान्ह. मे महिन्यांत आमच्या भागांत तो घड्याळांत सुमारें साडेबारास येतो, बारास नव्हे. मूल लगेच विचारील, घड्याळ चुकलें काय? नाहीं. सबंध देशाचें घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेलें आहे; आपण त्याच्या पश्चिमेस आहों, म्हणून आपल्या डोक्यावर सूर्य उशिरां येतो. वर्षांतून दोन दिवस तर सूर्य अगदीं माथ्यावर येऊन काठीची सावली नाहींशीच होते. कोल्हापुराकडे असा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यांत येतो, पुण्यास मेच्या मध्यास. दुसरा दिवस पावसाळ्यांत ढगांमुळें बहुधा हुकतो. त्या दिवसासाठीं पंचांग उघडावें लागत नाहीं, कोणाला दक्षिणा द्यावी लागत नाहीं. काठी उभी करावी लागते.

पुस्तक निवडतांना एकच कसोटी लावावी: त्यांत शंकेला जागा आहे काय? जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहिली ती जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपानें. मार्सेटबाईंचें पुस्तकही संवादाचेंच. नवख्या माणसाला अडखळण्याचा हक्क आहे, हें दोघांनीं ओळखलें होतें. आणि पहिलें पुस्तक मायबोलींतच असावें. इंग्रजी जरूर शिकावी, पुढें तिच्यावांचून चालत नाहीं. पण जी गोष्ट अजून समजलीच नाहीं, ती न समजणाऱ्या भाषेंत घातली, म्हणजे मूल दोन्हींकडून अंधारांत राहतें.

कोणी म्हणेल, हें सारें बोलावयास ठीक, खेड्यांतल्या सरकारी शाळेंत कसें साधावें? साधलेलें आहे. मध्य प्रदेशांत त्या वेळच्या होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं सोळा शाळांतून असा उपक्रम सुरू झाला. मुलांनीं टोळ्या करून स्वतः प्रयोग करावे, स्वतः नोंदी लिहाव्या, परीक्षेंत पुस्तक उघडें ठेवावें, अशी पद्धत. शिकवणें हिंदींतून. मुलांना प्रश्न पडले कीं तीं 'सवालीराम' ह्या कल्पित नांवानें पत्रें लिहीत आणि त्यांना उत्तरें जात. पुढें तो शेंकडों शाळांत पसरला. २००२ सालीं सरकारनें तो बंद केला. बंद झाला म्हणून तो फसला असें नव्हे. तीस वर्षें खेड्यांतलीं मुलें प्रयोग करीत होतीं, ही गोष्ट कोणत्याही हुकुमानें पुसली जात नाहीं.

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें. शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचें आणि आरोग्याचें प्राथमिक ज्ञान मिळावें, आणि नांगर किंवा वाकस हातीं धरण्याची लाज न वाटणारे शिक्षक असावे, असें त्यांचें मागणें होतें. त्याचें मर्म असें कीं, ज्ञान हातांतून येतें. आमच्या कुणब्याच्या, सुताराच्या, कुंभाराच्या, चांभाराच्या घरचें पोर ह्या बाबतींत मागें नाहीं, पुढें आहे. भट्टी कधीं तापली, कातडें कधीं कमावलें गेलें, वाफसा कधीं आला, हें त्याच्या घरांत पाहून ठरवितात. तें पाहणें हेंच विज्ञानाचें पहिलें पाऊल. त्याला फक्त मोजमाप आणि नोंद यांची जोड पाहिजे. पोरीही ह्यांतून वगळूं नका. चूल, विरजण, हळद, साबण हीं सगळीं त्यांच्या हातचीं, मग विज्ञान तेवढें भावाचें कां?

आतां करावयाचें काय तें सांगून संपवितों. वाचनालयाच्या भिंतीवर एक फळा टांगावा. कोणत्याही मुलानें आपला प्रश्न त्यावर लिहावा. आठवड्यांतून एक संध्याकाळ मोठ्यांनीं तेथें बसावें: डॉक्टरबाई, पंप दुरुस्त करणारा, गवंडी, मास्तर, जो असेल तो. उत्तर येत असेल तर लगेच सांगूं नये, "कसें पडताळशील?" असें आधीं विचारावें. येत नसेल तर "मला ठाऊक नाहीं, चल पाहूं" असें म्हणावें. ह्या वाक्यानें मोठ्या माणसाची अब्रू जात नाहीं. उलट, माहीत नसणें हा गुन्हा नव्हे, हें मुलाला त्याच दिवशीं कळतें. १९७६ सालीं आपल्या राज्यघटनेंत विज्ञाननिष्ठ दृष्टि आणि शोधक बुद्धि वाढविणें हें नागरिकाचें कर्तव्य म्हणून लिहिलें गेलें. तें कर्तव्य पार पाडण्यास एक फळा, एक खडू आणि एक संध्याकाळ पुरेशी आहे.

फळ्यासाठीं फळी देण्याचें गांवच्या सुतारांनीं कबूल केलें आहे. पहिल्या संध्याकाळीं बसावयास कोण कोण येणार, त्यांनीं आपलीं नांवें सभा संपतांच वाचनालयाच्या वहींत लिहावीं, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.