आकडे डोळ्यांना दिसू द्या
(केंद्र संमेलनातील भाषण)



हजेरीपत्रक आपण रोज भरतो, महिनाअखेर बेरीज करतो आणि तक्ता वर पाठवून मोकळे होतो. तो तक्ता आपल्याशीही काही बोलतो काय?

१७८६ साली विल्यम प्लेफेअर याने इंग्लंडचा आयात-निर्यात व्यापार रेषालेखांनी दाखविला. रकान्यांत दडलेले चढउतार त्यामुळे एका दृष्टिक्षेपात कळू लागले. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ उसळली. डॉ. जॉन स्नो यांना बहुतेक मृत्यू एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेले आढळले. त्यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे त्यांनी नकाशावर मृत्यूगणिक एक काळी रेघ काढून आपले म्हणणे मांडले. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे; परंतु दोष पाण्यात आहे, हे त्या रेघांनी डोळ्यांपुढे उभे केले.

आता आपल्या वर्गाकडे वळू. समजा, पटावर २० मुलगे व २० मुली आहेत. सरासरी हजेरी सप्टेंबरात ३४, नोव्हेंबरात ३०. आपण म्हणतो, 'सुगीचे दिवस, चालायचेच!' पण मुलगे व मुली यांचे स्तंभ निराळे काढून पाहा. मुलग्यांचा स्तंभ १७ वर स्थिर आहे. मुलींचा १७ वरून १३ वर आला आहे. म्हणजे घटलेली सारी हजेरी मुलींचीच! चार मुली शाळेपासून दुरावत होत्या आणि बेरजेने ते झाकून ठेवले होते.

आलेख कोठे पाहावे ते सांगतो. कारण मात्र पालकांच्या दारी जाऊनच कळते.

काही पथ्ये पाळावीत. स्तंभ शून्यापासून काढावेत, नाहीतर लहानसा फरक डोंगराएवढा भासतो. प्रमाण, महिना व शीर्षक स्पष्ट लिहावे. भिंतीवरील तक्त्यावर मुलांची नावे कधीही लिहू नयेत. शाळा व्यवस्थापन समितीपुढे अहवाल ठेवताना एक आलेख, त्याचा एका वाक्यात अर्थ आणि एक नेमकी मागणी, एवढे पुरे.

आज नोंदी संगणकातही जातात आणि आलेख तो क्षणार्धात काढून देतो. परंतु आकड्यांना कोणता प्रश्न विचारावा, हे शिक्षकानेच ठरवावयाचे असते. या महिन्याचा तक्ता पाठविण्यापूर्वी चौकटीच्या कागदावर ते दोन स्तंभ अवश्य काढा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.