चेंडू कोणी दिला?

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



बक्षीस समारंभात पाहुण्याने अभ्यासावर बोलावे असा रिवाज आहे. मी आज फुटबॉलवर बोलणार आहे. चिटणीससाहेबांनी त्याला परवानगी दिली, पण "शेवटी अभ्यासावर या" अशी अट घातली. ती अट मी पाळीन.

१९६२ साली मी सातवीत होतो. ओहोटी लागली आणि मांडवीची वाळू घट्ट झाली की आमचा खेळ सुरू होई. पायात बूट कोणाच्याच नव्हते. चेंडूच्या ब्लॅडरला इतकी ठिगळे होती की दर अर्ध्या तासाने सायकलच्या दुकानात हवा भरायला पळावे लागे. खेळ सुरू होण्याआधी भांडण ठरलेले असे. "मी पी. के." आणि "मी चुनी" यावरून ते भांडण होई. आमच्यापैकी एकानेही या दोघांना कधी खेळताना पाहिले नव्हते.

आजच्या मुलांना ही नावे सांगायला हवीत. पी. के. म्हणजे प्रदीपकुमार बॅनर्जी. ते उजव्या बाजूने धावायचे आणि त्यांची किक जबरदस्त होती. चुनी गोस्वामी आतल्या बाजूने चेंडू खेळवत यायचे आणि समोरच्याला हुलकावणी देण्यात त्यांचा हातखंडा होता. डाव्या बाजूला तिसरे होते सिकंदराबादचे तुळसीदास बलराम. गंमत अशी की कलकत्त्याच्या मैदानावर हे तिघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. पी. के. ईस्टर्न रेल्वेचे, चुनी मोहन बागानचे, तर बलराम ईस्ट बंगालचे. पण भारताचा निळा सदरा अंगात घातला की तिघांचा एकच संघ होई.

त्यांना एकत्र बांधणारा माणूस होता हैदराबादचा एक शाळामास्तर. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. सारे त्यांना रहीमसाहेब म्हणत. हैदराबाद सिटी पोलीस संघाला त्यांनी असे घडवले की १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे त्या संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषक जिंकला. भारतीय संघही त्यांच्याच हाती होता. पण त्यांची वाट फुलांची नव्हती. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला दहा विरुद्ध एक असे हरवले. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. विद्यार्थी मित्रांनो, दहा गोल! इतका मोठा नापास शेरा कोणाच्या प्रगतिपुस्तकावर असेल? त्यानंतर बूट सक्तीचे झाले आणि रहीमसाहेबांनी कवायत पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. चारच वर्षांनी मेलबर्नला आपण ऑस्ट्रेलियाला चार-दोन असे हरवले. त्या दिवशी मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारे नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. भारत त्या स्पर्धेत चौथा आला.

आता जाकार्ता. १९६२ सालच्या आशियाई स्पर्धांना इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना येऊ दिले नव्हते. गुरुदत्त सोंधी या भारतीय क्रीडाधुरिणांनी त्याला हरकत घेतली. त्यामुळे तिथली जनता भारतावर भडकली आणि आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. मैदानावर आपल्या खेळाडूंची हुर्यो उडवली जात होती. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला दोन गोलांनी हरवले. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावफळीचा खांब जर्नेलसिंग यांचे डोके फुटले आणि टाके पडले. आणि रहीमसाहेबांचे स्वतःचे शरीर कर्करोगाने पोखरलेले होते.

मास्तरांनी काय केले? जखमी जर्नेलसिंगना त्यांनी घरी पाठवले नाही. त्यांना बचावातून काढून थेट आघाडीवर, मधोमध उभे केले. व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात चुनींनी दोन आणि जर्नेलनी एक गोल केला. आपण तीन-दोन असे जिंकलो. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात समोर पुन्हा तोच कोरिया होता. सुमारे लाखभर प्रेक्षक आपल्याविरुद्ध ओरडत होते. आपल्या बाजूने टाळ्या वाजवणारे थोडके होते, आणि त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू होते, असे आपले खेळाडू पुढे आठवणीत सांगत. आदल्याच दिवशी त्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात आपल्याला हरवले होते!

सतराव्या मिनिटाला पी. के. यांनी गोल केला. विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगनी दुसरा. कोरियाला शेवटी शेवटी एकच फेडता आला. सुवर्णपदक भारताचे झाले. दुसरा दिवस होता ५ सप्टेंबर १९६२, म्हणजे आपल्या देशातला पहिला शिक्षक दिन. एका शाळामास्तराने देशाला त्याची याहून चांगली भेट काय द्यावी? पुढच्या जूनमध्ये, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब गेले. आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्ण भारताला त्यानंतर पुन्हा मिळालेले नाही.

आम्हाला हे कळले ते माझ्या थोरल्या भावाच्या पत्रातून. वडील गेल्यावर सातवीनंतर भाईंची शाळा सुटली. आधी मुंबईत एका हॉटेलात काम, मग बोटीवर खलाशी. दोन बोटींच्या मधले दिवस ते गावच्या जमातीच्या खोलीत काढत आणि खिशात चार आणे उरले की कूपरेजला जात. नेव्हिल डिसूझा यांना त्यांनी तिथे पाहिले होते. जाकार्ताच्या संघात हाफबॅकला खेळलेले टाटांचेच फॉर्च्युनाटो फ्रँको, त्यांनाही पाहिले होते. पावसाळ्याचे दिवस असल्यामुळे मुंबईचे वर्तमानपत्र एस.टी.ने उशिरा येई. भाईंचे अंतर्देशीय पत्र आले त्यात घरखर्चाबद्दल दोन ओळी होत्या आणि बाकी सगळा फुटबॉल.

पुढे ते रजेवर आले तेव्हा मी विचारले, "भाई, पी. के. ने तो गोल कसा केला असेल?" भाई म्हणाले, "गोल कोणी केला ते पेपरात येतंच रे. चेंडू कोणी दिला ते बघ. चुनी कप्तान. आदल्या सामन्यात दोन गोल केलेला माणूस. फायनलमध्ये त्याच्या नावावर एकही नाही. तो काय झोपला होता? तो दुसऱ्यांसाठी खेळत होता."

तेव्हा मला ते फारसे समजले नाही. १९६७ साली मी एस.एस.सी.ला शाळेत पहिला आलो. समारंभ झाला, हार घातला, दोन शब्द बोलायला सांगितले. मी शिक्षकांचे आभार मानले, पाहुण्यांचे मानले, शाळेच्या इमारतीचेसुद्धा मानले असतील. भाई त्या वेळी रजेवर घरी होते आणि शेवटच्या रांगेत उभे होते. माझी फी, माझी पुस्तके, माझ्या पायातली चप्पल, सारे त्यांच्या मनीऑर्डरीचे होते. त्यांचे नाव मी घेतले नाही. मुद्दाम नाही, मला सुचलेच नाही. घरी जाताना त्यांनी माझा हार स्वतःच्या हातात धरला होता, चुरगळू नये म्हणून. ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले ते एवढेच, "भाषण चांगलं झालं."

मी शिक्षक झालो, निवृत्त झालो. भाई आता नाहीत. २०२० साली मार्चमध्ये पी. के. गेले आणि एप्रिल संपता संपता चुनी गेले, दोघांत सहा आठवड्यांचेही अंतर नाही. २०२३ मध्ये बलराम गेले. चुनी गेल्याची बातमी ऐकली तेव्हा मला जाकार्ता आठवले नाही, ती शेवटची रांग आठवली. जे त्या दिवशी बोलायचे राहिले ते आज या व्यासपीठावरून बोलतो. माझा तो पहिला नंबर माझ्या भाईंनी दिलेल्या चेंडूवर झाला होता.

आता अटीप्रमाणे अभ्यासावर येतो.

विद्यार्थी मित्रांनो, आज ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांनी घरी गेल्यावर एक काम करावे. आपल्याला चेंडू कोणी दिला ते शोधावे. आखातात उन्हातान्हात काम करणारा बाप असेल, मासळीची पाटी वाहणारी आई असेल, शाळा सोडून घर सांभाळणारी बहीण असेल. ते माणूस हयात आहे तोवर त्याला तसे सांगावे. माझ्यासारखे उशीर करू नका.

पालकांना माझी दोन मागणी आहेत. मूल संध्याकाळी तासभर मैदानावर गेले तर तो वेळ वाया गेला असे समजू नका. चेंडू दुसऱ्याला द्यायला ते तिथेच शिकते. आणि दुसरे, एका मुलाच्या गोलासाठी दरवेळी त्याच्या बहिणीनेच चेंडू द्यायचा, हा न्याय नाही. रहीमसाहेबांनी बचावातल्या जर्नेलसिंगला पुढे उभे केले आणि त्यांनी सुवर्णपदकाचा गोल केला. आपल्या घरात मागे उभी असलेली मुलगी आहे, तिलाही एकदा पुढे उभी करून पाहा.