छपरावरचे ऊन



इनामगावात ऊन विकत घ्यावे लागत नाही. पण उन्हाची वीज करणारे पॅनेल विकत घ्यावे लागतात. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची सूर्यघर योजना सुरू झाली. घराच्या तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर झाले. बाकीचे पैसे घरच्यांनीच घालायचे. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालतात. म्हणजे जागा चुकली, तर तोटाही तितकीच वर्षे. म्हणून छपराची कोणती बाजू निवडावी, याचा आज आपण विचार करू.

आधी सूर्य कसा चालतो ते बघू. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस सूर्य दुपारी दक्षिणेकडे कललेला असतो. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस तो अगदी डोक्यावर येतो. मधल्या दिवसांत थोडा उत्तरेकडे सरकतो. पण त्याच दिवसांत पावसाचे ढग असतात. म्हणून पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असणे सर्वांत चांगले. उतार किती? दहा फूट लांबीला तीन फूट चढ दिला की झाले.

दिशा ओळखायची कशी? अंगणात एक काठी सरळ उभी रोवा. काठीभोवती दोरीने एक गोल आखा. सकाळी सावलीचे टोक गोलाला जिथे शिवेल, तिथे खूण करा. दुपारनंतर ते पुन्हा शिवेल, तिथे दुसरी खूण करा. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळाली. दिशा ओळखणे आपल्या गावाला नवे नाही. घोड नदीकाठी १९६८ पासून डेक्कन कॉलेजने अनेक वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे इथले लोक आपल्या माणसांना डोके उत्तरेला करून पुरत असत, हे तेव्हा कळले.

स्लॅबचे घर असेल तर काम सोपे. लोखंडी सांगाडा दक्षिणेकडे तोंड करून उभा करता येतो. पत्र्याच्या किंवा कौलाच्या घरात मात्र छपराचा उतार ठरलेला असतो. तो पूर्वेला-पश्चिमेला असला तर काळजी करू नका. उतार बेताचा असेल, तर दक्षिणेपेक्षा सुमारे दहावा हिस्सा वीज कमी मिळते, पुष्कळदा तेवढीही कमी होत नाही. उत्तरेचा उतार मात्र शेवटी धरावा. तिथे पाचव्या हिश्शापर्यंत घट येऊ शकते, आणि हिवाळ्यात तर जास्तच.

आता मुख्य गोष्ट ऐका. दिशेपेक्षा सावली मोठी. पाटात एका जागी ढेकूळ अडकले, की पुढच्या वाफ्याला पाणी कमी पडते. पॅनेलचे तसेच आहे. ते एका ओळीत जोडलेले असतात. एकावर सावली पडली, की बाकीच्यांचीही वीज घटते. सावलीतल्या दक्षिणेपेक्षा उघडी पश्चिम बरी.

छपरावर ऊन कुठे टिकते, हे घरातल्या बायांना विचारा. पापड-कुरडया वाळवून त्यांना ते पाठ झालेले असते. पण वाळवण उन्हाळ्यात होते, एवढे ध्यानात ठेवा. मे महिन्यात भर दुपारी पाण्याच्या टाकीची सावली तिच्या पायाशीच असते. डिसेंबरात दहा फूट उंच टाकीची सावली उत्तरेकडे नऊ फूट जाते. लिंबाच्या झाडाचीही तशीच. म्हणून डिसेंबरात एक दिवस छपरावर जा. सकाळी नऊला, दुपारी साडेबाराला आणि तीनला सावली कुठवर येते, ते खडूने आखा. खडूच्या रेघांबाहेर जे राहील, ती तुमची जागा. जागा थोडी निघाली, तर पॅनेल कमी घ्या. त्यासाठी दारचे झाड तोडू नका. उन्हाळ्यात त्याच्याच सावलीला आपण बसतो.

पॅनेल बसवणारा म्हणेल, रस्त्याकडून शोभून दिसतात, इथेच बसवू. त्याला खडूच्या रेघा दाखवा. पैसे आपले आहेत. आधी सावली बघा, मग दिशा बघा, आणि मगच कागदावर सही करा.