चित्रीकरणासाठी मायक्रोफोनची निवड

चित्रीकरणासाठी मायक्रोफोन निवडताना किमतीपेक्षा वक्त्यापासूनचे अंतर अधिक निर्णायक ठरते, कारण मोकळ्या जागेत ते दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, म्हणजेच ध्वनिदाब निम्मा होतो, आणि भोवतालचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. शॉटगन मायक्रोफोन, म्हणजे ज्याच्या लांब नळीच्या खाचांतून शिरणाऱ्या बाजूच्या ध्वनिलहरी परस्परांना क्षीण करतात असा दिशानिष्ठ मायक्रोफोन, दूरचा आवाज जवळ ओढतो ही समजूत रूढ असली तरी चुकीची आहे. उघड्यावर तो उत्तम चालतो, परंतु घुमणाऱ्या लहान खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे त्यातून येणारा आवाज पोकळ वाटू लागतो. कॉलरला लावायचा लॅव्हेलियर मुलाखतींना सोयीचा खरा, मात्र कपड्याची सळसळही तो तितक्याच निष्ठेने टिपतो.