कारणाविना आदेश आणि न्यायालयाचा आधार
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आजचा विषय रुक्ष आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु आपल्यापैकी ज्या कुटुंबांचा चरितार्थ दुकानावर, वखारीवर वा लहानशा कारखान्यावर चालतो, त्यांच्यावर हा प्रसंग केव्हा ओढवेल याचा नेम नाही.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. या करात नोंदणी रद्द झालेल्या व्यापाऱ्यास कर लावलेले बीजक देता येत नाही. तसे बीजक नसेल तर घेणाऱ्यास वजावट मिळत नाही. आणि वजावट नाही म्हटल्यावर घाऊक गिऱ्हाईक दुसरी पेढी पाहते. दंड सोसून धंदा चालविता येतो, नोंदणीवाचून तो फार दिवस तग धरीत नाही.

कायद्याच्या २९ व्या कलमाने रद्द करण्याचा अधिकार दिला आहे आणि तो हवाच. केवळ कागदावर पेढ्या उभारून खोटी बीजके विकणारांचा आम्हांस मुळीच पुळका नाही. परंतु तेच कलम असेही सांगते की, बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून नोंदणी रद्द करू नये. त्यासाठी कारणे दाखवा नोटीस येते व तिला सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. आता, नोटिशीत 'कायद्याच्या तरतुदींचा भंग' एवढेच लिहिले असेल, तर मनुष्याने उत्तर कशाचे द्यावे? कित्येक आदेशांत पहिल्या ओळीत 'आपल्या उत्तरास अनुसरून' असे असते, पुढच्याच ओळीत 'उत्तर आलेले नाही', आणि येणे कराच्या रकान्यात शून्य! यंत्राने भरलेल्या नमुन्यावर अधिकाऱ्याने नजर टाकली असती, तरी हे घडते ना.

अशा आदेशांविरुद्ध लोक संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात गेले. गुजरात उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अग्गरवाल डाइंग अँड प्रिंटिंग वर्क्स या प्रकरणात अशा मोघम नोटिसा व आदेश रद्द ठरविले; संगणकप्रणालीतील दोष दूर होईपर्यंत सविस्तर कारणे लिहिलेली नोटीस कागदावर पाठवावी, असेही बजावले. मागील तारखेपासून नोंदणी रद्द करण्याची रीत याहून घातक, कारण तिने पूर्वीच्या प्रामाणिक गिऱ्हाइकांची वजावटही धोक्यात येते. तसे यांत्रिकपणे करता येणार नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे.

हे तत्त्व मात्र नवे नव्हे, आणि त्याचा उगम आपल्या मुंबईतील एका खटल्यात आहे. अंधेरी येथे चित्रपटगृह बांधण्यास गोरधनदास भानजी यांना मिळालेली परवानगी पुढे रद्द झाली. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निर्णय दिला की, सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्यातील शब्दांवरूनच लावावयाचा. आदेश देणाराने मागाहून केलेला खुलासा त्यास जोडता येत नाही. १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल खटल्यात हेच सूत्र पुन्हा दृढ झाले. आज करखात्याचा वकील न्यायालयात शपथपत्रावर कारणे मांडू लागतो, तेव्हा हेच दोन निर्णय त्याच्या आड येतात. 'आधी अपील करा' हा आक्षेपही सर्वत्र टिकत नाही; नैसर्गिक न्यायाचाच भंग झाला असेल, तर उच्च न्यायालय थेट अर्ज ऐकू शकते.

मात्र न्यायालय व्यापाऱ्यास निर्दोष ठरविते, असे कोणी समजू नये. बहुधा ते आदेश रद्द करते आणि योग्य नोटीस देऊन नव्याने निर्णय घेण्यास खात्यास मोकळीक ठेविते. विवरणपत्रे खरोखरच थकली असतील तर ती भरावीच लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२३ मध्ये रोहित एंटरप्रायजेस प्रकरणी अपिलाची मुदत टळलेली असताही एका लहान उद्योजकाची नोंदणी पूर्ववत करविली. उपजीविकेचा हक्क करकायद्याने हिरावला जाऊ नये, ही दृष्टी त्यामागे होती. त्यातही थकलेला कर भरण्याची अट सुटली नाही.

सर्व हिशेब मुनिमावर टाकून स्वस्थ बसणाऱ्या आपल्या मंडळींस एवढेच सांगणे की, नोटीस संगणकस्थळावर व ई-पत्राने येते, टपालवाल्याची वाट पाहू नये. ती मोघम असल्यास सात दिवसांच्या आतच 'कोणता भंग, कोणत्या तारखेचा' असे लेखी विचारावे व त्याची प्रत जपावी. थकीत विवरणपत्रांमुळे नोंदणी गेली असेल, तर ती भरून पुनरुज्जीवनाचा अर्ज करण्यास १ ऑक्टोबर २०२३ पासून तीसऐवजी नव्वद दिवसांची मुदत आहे, आणि योग्य कारण दाखविल्यास आयुक्त ती आणखी १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतात.